चाई, गुंजा आणि गोव्याची पावडर

आमच्या जालन्याकडे डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडून तिथले केस गेले की "चाई लागली" म्हणतात. यातलं क्रियापद बघा. केस 'गळतात', टक्कल 'पडतं', पण चाई 'लागते'. वाळवी लागावी, कीड लागावी तशी. गावाकडे अजूनही पुष्कळांची समजूत आहे की चाई नावाचा एक बारीक किडा असतो आणि तो रात्री झोपेत केस खातो. कुणी त्याला उंदरी म्हणतात, म्हणजे कुरतडणारा आणखी जरा मोठा झाला. संस्कृतात याच रोगाचं नाव इंद्रलुप्त. एकीकडे किडा, दुसरीकडे साक्षात देवांचा राजा! आरोपी निवडताना मराठी माणसाने व्यवहार पाहिला असं म्हणायला हरकत नाही :-)

बरेच दिवस डोक्यात होतं की केस जाऊ लागले म्हणून आपल्या लोकांनी आजवर डोक्याला काय काय पाला, मुळ्या आणि बिया चोळल्या, ते एकदा सलग लिहून काढावं. आमच्या घराण्यातले पुरुष चाळिशीनंतर कपाळ आणि डोकं यांच्यातली सीमा विसरतात, हे नातेवाईक वाचकांना सांगायला नको. त्यांच्यापैकी कुणी आशेने हा लेख उघडला असेल तर आधीच सांगतो, शेवटी तेलाची कृती मिळणार नाही. इतिहास मात्र मिळेल, आणि माझ्या मते तो तेलापेक्षा मजेदार आहे.

सर्वांत जुना दाखला अथर्ववेदातला. सहाव्या कांडात १३६ आणि १३७ अशी दोन छोटी सूक्तं आहेत, केस घट्ट व्हावेत, नवे यावेत आणि लांब वाढावेत म्हणून. त्यांत 'नितत्नी' नावाच्या वनस्पतीला देवी म्हणून हाक मारली आहे. ही वनस्पती जमदग्नीने आपल्या मुलीसाठी खणून काढली आणि वीतहव्याने ती असिताच्या घरून आणली, असं त्यात सांगितलंय. नितत्नी म्हणजे आजची कोणती वनस्पती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेला जमदग्नी ऋषी इथे लेकीच्या केसांसाठी मुळ्या खणत बसलेला दिसतो. केस कसे वाढावेत, तर बोरूच्या बेटासारखे. उपमा शेतावरची आहे.

पुढे सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त हा 'क्षुद्ररोगां'मध्ये टाकलेला आहे, म्हणजे किरकोळ आजारांत. (ज्याचे केस जातात त्याला तो किरकोळ वाटत नाही, पण असो.) उपचार मात्र किरकोळ नाहीत. आधी तेल-शेक करून डोक्याच्या शिरेतून रक्त काढायचं. मग मोरचूद, हिराकस, मनशीळ, मिरी अशा गोष्टींचा लेप. किंवा ती जागा खरवडायची आणि वर गुंजेचा लेप द्यायचा. आणि नंतर चोळायला तेल, ते कशात सिद्ध केलेलं? मालती म्हणजे जाई, करवीर म्हणजे कण्हेर, चित्रक आणि करंज.

ही यादी जरा थांबून बघा. कण्हेर विषारी, हे गावातल्या शेळ्यांनाही कळतं. चित्रकाची मुळी वाटून कातडीवर ठेवली तर फोड येतो. गुंजेबद्दल पुढे सांगतोच. नंतरच्या संग्रहग्रंथांत याच रोगावर बिब्बाही येतो, आणि बिब्बा उतला की काय होतं ते आपल्याकडच्या लोकांना शिकवायला नको. आज बाजारातल्या तेलाच्या बाटलीवर जास्वंद, आवळा, कोरफड, ब्राह्मी अशी सगळी गार, सौम्य, सात्त्विक मंडळी बसलेली असतात. सुश्रुताच्या यादीतली बहुतेक मंडळी जाळणारी आहेत. हा फरक माझ्या बराच उशिरा लक्षात आला, आणि तो लक्षात आल्यावर बाकीचा इतिहास मला वेगळा दिसायला लागला.

आणखी एक गोष्ट वाग्भटाची. अष्टांगहृदयात तो म्हणतो की वाताबरोबर बिघडलेलं पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतं आणि मग रक्तासह कफ ती छिद्रं बुजवतो, म्हणून तिथे नवे केस येत नाहीत. पण त्याच्याही पुढे जाऊन तो दोन रोग वेगळे करतो. केस एकाएकी गेले तर ते इंद्रलुप्त. हळूहळू, क्रमाक्रमाने गेले तर ती खालित्य किंवा खलती. म्हणजे चाई वेगळी आणि आमच्या घराण्याचं टक्कल वेगळं. आज त्वचारोगतज्ज्ञ हेच सांगतात. चाईत शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. मुळं मरत नाहीत, नुसती गप्प बसतात. पुरुषी टकलात आनुवंशिकता आणि हार्मोन यांच्यामुळे मुळं वर्षानुवर्षं बारीक होत जातात. कारणमीमांसा बदलली, पण भेद तोच राहिला. हा भेद आजच्या निम्म्या जाहिराती करत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर सुश्रुताच्याच चिकित्सास्थानात, व्रणाच्या जागी पुन्हा केस यावेत म्हणून एक लेप सांगितलाय: हस्तिदंत जाळून त्याची काजळी करायची आणि त्यात रसांजन, म्हणजे दारुहळदीचा आटवलेला काढा मिसळायचा. या लेपाने तळहातावरही केस उगवतात, असं तिथे म्हटलंय. तळहातावर! टीव्हीवरच्या तेलवाल्यांनी अजून एवढी मजल मारलेली नाही.

हस्तिदंतावरून आठवलं ते भोकरदन. आपल्या जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावं कोरली आहेत त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीच्या जातीची निघाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली. ती भोकरदनलाच घडवली गेली असावी असंही काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. पाँपेईच्या मूर्तीत बाईच्या पाठीवर लांबलचक गुंफलेली, दागिन्यांनी मढवलेली वेणी आहे आणि दोन बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. हस्तिदंत कोरताना जो भुसा आणि तुकडे उरत असतील त्यांचं काय होत असेल, हा विचार मला सुश्रुताचा तो लेप वाचल्यापासून सोडत नाही. पुरावा काही नाही, नुसती कल्पना.

बरं, गुंजा. लाल अंगाची, काळ्या टोपीची ही बी आम्ही लहानपणी गोळा करायचो. सोनार तिने सोनं तोलायचे, एक गुंज म्हणजे एक रती. पण तिच्यात अॅब्रिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. टणक साल शाबूत असेल तर बी गिळली तरी पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा वाटली की मात्र खेळ खलास होऊ शकतो. इंग्रजी अमदानीत गुरं मारण्याच्या गुन्ह्यांत गुंजेच्या पिठाची सुई करून ती जनावराला टोचत असत, त्या सुईला नावच 'सुई' होतं आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तिचं वर्णन आहे. हीच गुंज १८८२ साली पॅरिसच्या डी वेकर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने खुपरीवर वापरायला काढली: गुंजेचं पाणी डोळ्यात घालून मुद्दाम जबरदस्त दाह निर्माण करायचा आणि त्या दाहाबरोबर जुना रोग ओसरतो का ते पाहायचं. काहींचा रोग ओसरला, काहींचा डोळा गेला.

मुद्दाम दाह निर्माण करायचा, हेच सूत्र सुश्रुताच्या गुंजेच्या लेपातही आहे. आणि ते थेट आजच्या इस्पितळापर्यंत येतं. त्याच्या मधला दुवा आपल्या शेजारचा, गोव्याचा आहे.

पोर्तुगिजांच्या जहाजांनी ब्राझीलमधून गोव्याला काय काय आणलं याची यादी शाळेत पाठ केलेली असते: काजू, पेरू, मिरची, सीताफळ. (दौलताबादच्या सीताफळाला आपण अगदी देवगिरीच्या यादवांइतकं जुनं समजतो, पण ते तिकडचं. त्याच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावतात आणि ते डोळ्यात गेलं की मोठी आफत होते. असो, हे विषयांतर.) याच वाटेने एक भुकटीही आली. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचं उंच झाड आहे. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये एक पिवळी भुकटी साचते, ती हवेत हळूहळू तपकिरी-जांभळी होते. झाड पाडून, फोडून, ती खरवडून काढतात; खरवडणाऱ्यांचे डोळे आणि तोंड सुजतं. गोव्यात तिला 'पो द बाहिया', म्हणजे बाहियाची पावडर म्हणत. तिथून ती मुंबईत आली आणि 'गोवा पावडर' झाली. व्हिनेगरात किंवा लिंबाच्या रसात कालवून गजकर्णावर, नायट्यावर लावायची. डोक्यातलं गजकर्ण केसांना तोडून चाईसारखेच चट्टे पाडतं, तेव्हा लोक हे दोन रोग कितपत वेगळे करत असतील ते आपणच समजावं.

पावडर महाग होती आणि ती कशापासून होते हे कुणाला माहीत नव्हतं. मुंबईच्या केम्प नावाच्या केमिस्टने १८६४ साली लंडनच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं. १८७४ मध्ये जोसेफ फेरर या डॉक्टरने, जो कलकत्त्याला बरीच वर्षं होता, पुन्हा तिच्यावर लेख लिहिला. तो बाहियातल्या डॉ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी कळवलं की तुम्ही जिला गोव्याची म्हणताय ती आमच्याकडची अरारोबा! म्हणजे पावडरीला आपलं खरं गाव सापडायला मुंबई, कलकत्ता, लंडन असा फेरा मारून परत ब्राझीलला जावं लागलं.

पुढची हकीकत अशी. लंडनमध्ये बालमानो स्क्वायर नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांच्या एका रोग्याला होता सोरायसिस, पण त्याने स्वतःच ठरवलं की हा नायटा, आणि गोवा पावडर लावली. आणि तो बरा व्हायला लागला! स्क्वायर यांनी १८७० च्या दशकात यावर लिहिलं आणि क्रायसारोबिन नावाने हे औषध युरोपभर गेलं. कातडीवर लावलं की लाल होई, चरचरे, कपड्यांवर न जाणारे जांभळे डाग पडत. तरी ते शतक संपेपर्यंत डॉक्टर ते चाईवरही वापरू लागले होते. कारण? त्या वेळी तिकडच्या पुष्कळ नामवंत डॉक्टरांचाही समज होता की चाई हे कुठल्यातरी जंतूचं काम आहे. आमच्या गावातला किडा आणि पॅरिसचे प्राध्यापक, दोघांत त्या वेळी फार अंतर नव्हतं.

पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून येणारा माल तुटला, म्हणून जर्मनीत तसलाच रेणू कारखान्यात तयार केला गेला. १९१६ मध्ये उन्ना आणि गालेव्स्की यांनी तो वापरून पाहिला. त्याचं आजचं नाव डिथ्रॅनॉल किंवा अँथ्रॅलिन. १९७९ साली अँथ्रॅलिनने मुद्दाम दाह निर्माण करून चाईवर उपचार केल्याचा शोधनिबंध आला, आणि त्वचारोगतज्ज्ञ, विशेषतः लहान मुलांच्या चाईवर, ते आजही वापरतात: थोडा वेळ लावायचं आणि धुवून टाकायचं. दाह का उपयोगी पडतो? एक तर्क असा की केसांच्या मुळांभोवती जमलेल्या पांढऱ्या पेशींचं लक्ष कातडीवरच्या नव्या भांडणाकडे वळवलं जातं. घरात दोन भाऊ भांडत असताना बाहेरून तिसराच कुणी ओरडत आला की होतं तसं. आता यापुढच्या गोळ्याही आल्या आहेत, जून २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या औषधाला तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली, पण तो पाल्या-मुळ्यांचा इतिहास नाही.

पाल्याचंच बोलायचं तर पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर टाकळा उगवतो, ज्याची कोवळी भाजी करतात. त्याचं एक संस्कृत नाव दद्रुघ्न, नायटा मारणारा. टाकळ्याच्या बियांत जे क्रायसोफॅनॉल असतं ते गोवा पावडरीतल्या द्रव्याचं सख्खं भावंड आहे. ज्या वस्तूसाठी मुंबईचे लोक दामदुप्पट मोजत होते तिचा सौम्य नातेवाईक जालन्यात फुकट पायाखाली तुडवला जात होता.

आता सौम्य तेलांकडे वळू. आजी करायची ते तेल तिळाचं किंवा खोबऱ्याचं, त्यात माका आणि जास्वंद. माका ओढ्याकाठी मिळायचा, पितृपक्षात तो शोधायला आम्हालाच पिटाळत, कारण श्राद्धाला लागतो. त्याचा हिरवा रस हवा लागली की काळा पडतो, आणि मला वाटतं केस काळे करणारा म्हणून त्याची ख्याती इथूनच सुरू झाली असावी. आयुर्वेदातलं प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग वाटण, चार भाग तेल, सोळा भाग पातळ पदार्थ, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आच. तेल झालं की नाही हे पाहायला वातीवर थेंब घेऊन पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. आजीला शार्ङ्गधर माहीत नव्हता, वात मात्र माहीत होती.

हे तेल कुणाला लावायचे? मुख्यतः बाळंतिणींना आणि तापातून उठलेल्यांना. इथे खरी गंमत आहे. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यांतला प्रत्येक काही वर्षं वाढतो आणि मग तीनेक महिने विश्रांती घेऊन गळतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणं हे नेहमीचंच. बाळंतपण, टायफॉइड, मोठा ताप असा धक्का बसला की एकदम पुष्कळ केस विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाई घाबरते, आजी तेल सुरू करते. आणि सहा महिने ते वर्षभरात केस परत येतात, तेल लावलं तरी आणि न लावलं तरी. चाईचंही तसंच: एक-दोन लहान चट्टे असतील तर एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप उगवतात. माक्याची कीर्ती अशा कितीतरी आपोआप बऱ्या झालेल्या डोक्यांवर उभी आहे. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग उगवलेच ना?" यावर उत्तर नाही.

बाटलीतल्या तेलाचा धंदा प्रथम बंगाल्यांनी जमवला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या सी. के. सेन यांचं 'जबाकुसुम' निघालं. जबा म्हणजे आपली जास्वंद. मग हेमेंद्रमोहन बोस यांचं 'कुंतलीन'. या गृहस्थांनी कथास्पर्धा सुरू केली, अट एवढीच की गोष्टीत तेलाचा उल्लेख यावा पण ती जाहिरात वाटू नये. १८९६ चं पहिलं बक्षीस निनावी आलेल्या एका गोष्टीला मिळालं आणि लेखक निघाले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस! गोष्टीत कलकत्त्यावर येऊ घातलेलं वादळ अचानक नाहीसं होतं आणि हवामानखातं बुचकळ्यात पडतं. झालेलं असतं असं की तापातून उठून टक्कल पडू लागलेला एक माणूस समुद्रप्रवासाला निघालेला असतो, मुलीने सामानात तेलाची बाटली दिलेली असते, आणि बोट बुडायची वेळ येताच तो ती समुद्रात ओततो. तेलाने पाणी शांत होतं हे पदार्थविज्ञान खरं आहे. डोक्यावर केस आले की नाही, याबद्दल माझ्या माहितीत तरी बोसांनी काही दावा केलेला नाही. शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच.

आपल्याकडे जुने दिवाळी अंक चाळले की दादरच्या रामतीर्थ योगाश्रमाचं ब्राह्मी तेल भेटतं, कामिनिया भेटतं. पुढे कायद्याने हात घातला. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' परिशिष्टात, म्हणजे जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, टक्कल आहे. अमेरिकेने तर १९८९ मध्ये ठरवलं की बिनचिठ्ठीचं कुठलंही तेलबील 'केस उगवतं' म्हणून विकता येणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे मिनॉक्सिडिलला मान्यता मिळाली होती. ते मूळचं रक्तदाबाचं औषध. रोग्यांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवायला लागले तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मग वनस्पतींचं काहीच खरं नाही का? आहे, पण थोडं आणि सावधपणे. १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबर्डीनला चाईच्या ८६ रोग्यांवर नीट प्रयोग झाला. ओवाफुलाच्या जातीचं थाइम, रोजमेरी, लॅव्हेंडर आणि सिडार यांची अत्तरं तेलात घालून रोज चोळली. ४४ टक्क्यांना गुण आला, नुसतं साधं तेल चोळणाऱ्यांत १५ टक्क्यांना. २००२ मध्ये बगदादला चाईवर कांद्याचा रस लावला, २३ पैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत उगवले, नुसतं पाणी लावणाऱ्या १५ पैकी दोघांचे. आकडे लहान आहेत आणि कांद्याचा वास येत असताना कुणाला काय लावलंय हे लपवणार कसं! पण कांदाही पुन्हा चरचरणाराच, हे लक्षात घ्या. इराणमध्ये २०१५ साली शंभर पुरुषांवर रोजमेरी तेल आणि दोन टक्के मिनॉक्सिडिल यांची तुलना झाली, सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच ठरले. मात्र काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता. जास्वंदीवर २००३ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी उंदरांवर काम केलं, त्यात फुलापेक्षा पानांचा अर्क सरस ठरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या फुलं उकळतोय! माक्यावर सागर विद्यापीठातून २००८ मध्ये तसंच काम आलं. पण उंदराला टक्कल पडत नाही. त्याच्या पाठीचे केस भादरले की ते लाटेसारखे एकदम उगवतात, आणि अर्काने ती लाट चार दिवस आधी आणली म्हणून आमच्या काकांच्या डोक्यावर काही होईल असं नाही.

साध्या खोबरेलाचा एक गुण मात्र मुंबईतच नीट मोजला गेला. २००३ च्या अभ्यासात दिसलं की खोबरेल केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफूल किंवा खनिज तेल ते करत नाही. केस तुटणं कमी होतं, मुळं नवी फुटत नाहीत. केस उगवणाऱ्या वनस्पतींबद्दल एवढी चर्चा, पण केस घालवणाऱ्या वनस्पतींबद्दल कुणालाच शंका नाही. सुबाभूळ जास्त खाल्ल्याने जनावरांचे केस झडतात, मायमोसिन नावाच्या द्रव्यामुळे. दक्षिण अमेरिकेत 'माकडाचा नारळ' नावाचं फळ आहे, त्याच्या बिया खाल्लेल्या माणसांचे केस गेल्याचं व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात नोंदवलं. कारण त्या बियांत साठलेलं सेलेनियम.

सेलेनियम हा शब्द आपल्या भागात अलीकडे सगळ्यांना माहीत झाला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव आणि आसपासच्या गावांत, लोकांच्या डोक्यात खाज सुटून तीन-चार दिवसांत केस हातात यायला लागले. लहान मुलं, कॉलेजातल्या मुली, म्हातारी माणसं, कुणीही. वर्तमानपत्रांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. चाईचा किडा शहाणा होऊन व्हायरस झाला! बुरशीचा संशय झाला, पाण्याचा झाला; खारपाणपट्टा असल्याने पाण्यावर आळ येणं साहजिक होतं. आयसीएमआरची पथकं आली. काहींनी लाजेने उरलेलं डोकंही भादरून घेतलं.

या प्रकरणाच्या मागे लागले डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेले हे महाडचे डॉक्टर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, म्हणजे आपलेच. त्यांनी स्वतः जाऊन नमुने गोळा केले आणि तपासून घेतले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांप्रमाणे १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, जस्त मात्र कमी. मूळ त्यांना सापडलं रेशनच्या गव्हात, जो पंजाब-हरियाणाकडून आला होता. त्यात स्थानिक गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. चीनच्या हुबेई प्रांतात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच सेलेनियम पिकांतून पोटात जाऊन लोकांचे केस आणि नखं गळाली होती. बुलढाण्यातही पुढे काही जणांची नखं गळायला लागल्याच्या बातम्या आल्या.

बऱ्याच जणांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. मधल्या काळात त्यांनी डोक्याला काय काय लावलं असेल, माका, कांदा, आणखी कुणी सांगितलेलं काही, त्या प्रत्येक गोष्टीला आता त्या त्या घरात गुण आल्याचं सांगतील. गव्हाचं नाव फारसं कुणी घेणार नाही.